दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधला भाग

मी मोल्ड डिझायनर आहे. प्लास्टिकच्या भागांचे साचे करणाऱ्या टूलरूममध्ये माझी सगळी नोकरी झाली. आधी भोसरीत, मग चाकणला. डॅशबोर्डचे तुकडे, एसीचे व्हेंट, दाराच्या आतली हँडलं अशा भागांचे कोअर आणि कॅव्हिटी, म्हणजे साच्याची आतली आणि बाहेरची बाजू, आम्ही करतो. भाग आमचा नसतो. तो गिऱ्हाइकाच्या डिझायनरने त्याच्या कॉम्प्युटरवर काढलेला असतो, कधी पुण्यातच, कधी जर्मनीत, कधी कोरियात. आमच्या हातात येते ती फक्त त्याची फाइल. फाइलमध्ये जे आहे तेच पोलादात उतरतं, आणि जे वाटेत गळून पडलं ते आम्हाला शोधून काढावं लागतं. माझ्या उमेदीची बरीच वर्षं या शोधण्यात गेली. पुढची वाचली, कारण जगाच्या पाठीवर काही माणसांनी बसून एक स्टँडर्ड लिहिलं. त्या स्टँडर्डबद्दल आपल्याकडे, रोज ते वापरणाऱ्यांतही, फार कमी बोललं जातं. म्हणून हे लिहिते आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्यावर उघडणारच. फोटोचं तसं होतं, डिझाइनचं होत नाही. प्रत्येक कॅड सॉफ्टवेअर भाग आपल्या पद्धतीने लक्षात ठेवतं. कोपऱ्याला तीन मिलिमीटरचा गोलवा दिला, तर ते 'अमुक कडेला तीनचा फिलेट' अशी आज्ञा साठवतं आणि गणित करून त्यातून पृष्ठभाग काढतं. ती आज्ञा दुसऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही आणि गणितही तंतोतंत तेच नसतं. मी कामाला लागले तेव्हा मोठ्या गिऱ्हाइकांकडे युनिक्स वर्कस्टेशनवर चालणारी लाखोंची सॉफ्टवेअर होती, आणि तीही प्रत्येकाची वेगळी. आमच्या मालकांनी कर्ज काढून पीसीवर चालणारं एकच घेतलं होतं. तीन गिऱ्हाइकांसाठी तीन सॉफ्टवेअर घेणं छोट्या टूलरूमला तेव्हाही परवडत नव्हतं आणि आजही परवडत नाही.

मग गिऱ्हाइक म्हणायचं, 'आयजीएस देतो.'

आयजीएस म्हणजे इनिशियल ग्राफिक्स एक्स्चेंज स्पेसिफिकेशन. १९७९ मध्ये अमेरिकेत बोइंग, जनरल इलेक्ट्रिक आणि तिथलं नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स यांनी मिळून ते काम हाती घेतलं, आणि १९८० च्या सुरुवातीला त्याची पहिली आवृत्ती आली. घाईत केलेलं, पण निकडीचं काम होतं. एका यंत्रणेतलं ड्रॉइंग दुसरीत नेण्याची सोय त्याआधी जवळजवळ नव्हतीच. आयजीएसची फाइल नोटपॅडमध्ये उघडली की तिचं वय लगेच कळतं. प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची, कारण ती पंच कार्डाच्या मापाने बेतलेली आहे. त्र्याहत्तराव्या जागी एक अक्षर असतं, त्यावरून ओळ कोणत्या विभागातली ते समजतं. प्रत्येक आकाराला क्रमांक: सरळ रेषा ११०, वर्तुळाचा कंस १००, सीमा कापून घेतलेला सरफेस १४४. हे क्रमांक मला पाठ झाले ते हौसेने नव्हे. रात्री दहा वाजता कॅव्हिटीचा एक कोपरा स्क्रीनवर दिसत नसे, तेव्हा मजकुरात शिरून तो सरफेस फाइलमध्ये आलाच नाही की आमच्या सॉफ्टवेअरने टाकून दिला, हे बघण्याला पर्याय नसायचा.

या १४४ नंबरच्या सरफेसनेच आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. तो दोन गोष्टींचा बनतो. एक मूळ पृष्ठभाग, भागापेक्षा बराच मोठा, आणि दुसरी त्याला कुठे कापायचं ती सीमारेषा. ही सीमा फाइलमध्ये दोनदा लिहिता येते: एकदा त्रिमितीत आणि एकदा त्या पृष्ठभागाच्या स्वतःच्या सपाट अंकपट्टीवर. दोन्ही जुळायला हव्यात. नाही जुळल्या तर कुठल्या सीमेवर विश्वास ठेवायचा हे सांगणारा एक आकडा असतो, पण बरीच सॉफ्टवेअर तिथे 'ठरवलेलं नाही' असं लिहून मोकळी होत. मग आमच्याकडचं सॉफ्टवेअर गोंधळायचं, सीमा टाकून द्यायचं आणि मूळ पृष्ठभाग अख्खाच्या अख्खा दाखवायचं. एअर व्हेंटच्या फ्रेमची फाइल उघडावी तर भागाच्या चारी बाजूंना भलतेच पृष्ठभाग पसरलेले, भोकं बुजलेली, आणि फ्रेम मात्र कुठेतरी मध्ये दडलेली, असं दिसायचं.

दुसरं दुखणं फटींचं. गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर समजा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचं अंतर 'शून्यच' मानत असेल आणि आमचं हजाराव्या भागापर्यंतचं, तर त्याच्या स्क्रीनवर बंद असलेला भाग आमच्याकडे उसवलेला यायचा. शेकडो सरफेस, प्रत्येक दोघांत बारीक फट. तेवढ्याने सॉलिड बनत नाही, सॉलिड नाही तर कोअर-कॅव्हिटी वेगळी काढता येत नाही. मग एकेक फट पकडून सरफेस पुन्हा काढायचे, फिलेट नव्याने द्यायचे, परत शिवून बघायचं. खाली व्हीएमसी मिलिंग मशीन रिकामं उभं असायचं. आमचे फोरमनकाका जिना चढून यायचे आणि विचारायचे, "पोरी, मशीनला खायला कधी देतेस?" माझ्याकडे उत्तर नसायचं. काम किती उरलंय हे फाइलच ठरवत होती.

एका जॉबला जे झालं ते मी विसरत नाही. दिसणाऱ्या बाजूची एक चिंचोळी सरफेस-पट्टी फाइलमध्ये उतरली नव्हती. पट्टी इतकी अरुंद होती की शेडिंगमध्ये ती उणीव सावलीसारखी वाटली, तपासणाऱ्या कुणाच्याच नजरेत भरली नाही. टूलपाथ काढला. फिनिशिंगचा बारीक बॉलनोज कटर त्या जागी आला आणि सरळ खाली गेला, कारण त्याच्या लेखी तिथे पृष्ठभागच नव्हता. ऑपरेटरने आवाज ऐकून लाल बटण दाबलं तोवर कॅव्हिटीत चर पडला होता. वेल्डिंग करून, घासून, पुन्हा मशीनिंग करून तो भरला. पण त्या भागाला टेक्स्चर होतं, आणि वेल्ड केलेल्या पोलादावर टेक्स्चर बाकीच्यासारखं उठत नाही. प्रत्येक प्लास्टिकच्या भागावर त्या जागी एक फिकट रेघ उमटायची. पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर भाग पूर्ण होता, आमच्याकडे अपुरा आला. मधल्या मध्ये काय गळलं याची जबाबदारी घेणारं कुणीच नव्हतं. खर्च टूलरूमने सोसला.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका अभ्यासाबद्दल वाचलं, तेव्हा ही गोष्ट फक्त भोसरीची नव्हती हे कळलं. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेसाठी १९९९ मध्ये झालेल्या त्या अभ्यासात तिथल्या वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत डेटाची नीट देवाणघेवाण न झाल्याने वर्षाला निदान एक अब्ज डॉलरचं नुकसान होतं, असा हिशेब मांडला होता. त्यातला सगळ्यात मोठा वाटा होता आलेल्या, पण न वापरता येणाऱ्या फाइली दुरुस्त करण्याचा किंवा नव्याने काढण्याचा. डेट्रॉइटच्या आसपासच्या टूलरूममध्येही कुणीतरी रात्री दहा वाजता १४४ नंबर शोधत बसलेलं असणार.

आयजीएस अपुरं पडतंय हे त्याच्या कर्त्यांनाही लवकर उमगलं होतं. जर्मन मोटार उद्योगाने सरफेसपुरतं व्हीडीए-एफएस काढलं, फ्रान्समध्ये विमानवाल्यांनी सेट नावाचं स्वतःचं स्टँडर्ड केलं. प्रत्येक देशाने आपापला मार्ग धरला तर मूळ दुखणं तसंच राहणार होतं. १९८४ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने या कामासाठी एक उपसमिती नेमली आणि सगळ्यांनी मिळून एकच स्टँडर्ड लिहायचं ठरवलं. त्याचा क्रमांक १०३०३, बोलीभाषेतलं नाव स्टेप. पहिले भाग प्रसिद्ध व्हायला १९९४ साल उजाडलं. दहा वर्षं लागली म्हणून त्या काळी पुष्कळ टीका झाली म्हणतात. मी ती टीका करणार नाही. आकार कसा काढायचा एवढंच त्यांना लिहायचं नव्हतं. 'भाग' म्हणजे काय, 'कड' म्हणजे काय, 'आवृत्ती' म्हणजे काय, यावर मोटार, विमान, जहाज करणाऱ्या सगळ्यांचं एकमत करायचं होतं. अशा कामाला दहा वर्षं जास्त नाहीत.

आमच्याकडे स्टेप फाइल येऊ लागल्या त्या नव्वदच्या दशकाच्या शेवटी. तेव्हा स्टेप वाचण्याचं मॉड्यूल वेगळे पैसे देऊन घ्यावं लागायचं, आणि मालकांना ते पटवायला मला वर सांगितलेल्या चराचा खर्च कागदावर मांडून दाखवावा लागला. मॉड्यूल आलं. पहिली फाइल उघडली आणि भाग बंद सॉलिड म्हणून समोर आला. आकारमान मोजता आलं, पार्टिंग लाइन टाकता आली. त्या दिवशी मी वेळेवर घरी गेले.

हे कशामुळे घडलं ते समजून घ्यायला मी नव्या मुलामुलींना एक काम देते. दहा मिलिमीटरचा साधा ठोकळा काढा, त्याची स्टेप फाइल करा आणि नोटपॅडमध्ये उघडून शेवटपर्यंत वाचा. पहिल्या ओळीत 'आयएसओ-१०३०३-२१' असतं. मग हेडर: फाइल कुठल्या सॉफ्टवेअरने केली, केव्हा, कोणत्या नियमावलीप्रमाणे. मग डेटा. तिथे प्रत्येक ओळीला हॅशचं चिन्ह आणि क्रमांक असतो, आणि ओळी एकमेकींना त्या क्रमांकानेच बोलावतात. सॉलिड म्हणतं, माझं बंद कवच अमुक ओळीत आहे. कवच आपल्या सहा फेसचे क्रमांक देतं. फेस आपल्या कडांच्या वेढ्याचा देतो, वेढा कडांचा, कड दोन टोकांच्या बिंदूंचा, आणि बिंदूच्या ओळीत शेवटी तीन आकडे: एक्स, वाय, झेड. बोट ठेवून वर-खाली करत गेलं की अर्ध्या तासात सगळा ठोकळा उलगडतो.

मुलं कडा मोजतात तेव्हा गंमत कळते. ठोकळ्याला कडा बारा, आणि फाइलमध्येही बाराच लिहिलेल्या. पण त्या कडा वापरणाऱ्या ओळी, ज्यांना 'ओरिएंटेड एज' म्हणतात, त्या चोवीस. कारण प्रत्येक कड दोन फेसची सामाईक आहे. एक फेस तिला सुलट दिशेने वापरतो, शेजारचा उलट. शेतांच्या मधला बांध जसा दोघांचा मिळून एकच असतो तसं हे आहे. आयजीएसच्या सरफेसमध्ये प्रत्येक जण आपली हद्द स्वतंत्र आखून आणायचा आणि दोन हद्दींच्या मध्ये फट उरायची. स्टेपमध्ये हद्द एकदाच लिहिली जाते, दोघेही तिचाच क्रमांक सांगतात. आयजीएसमध्येही पुढे सॉलिडची सोय झाली होती, पण आमच्यापर्यंत आलेल्या फाइलींत ती क्वचितच वापरलेली असे.

त्याच फाइलमध्ये आणखी दोन ओळी मी बोट ठेवून दाखवते. एकीत एकक असतं: मिलि आणि मीटर असं स्पष्ट लिहिलेलं. इंच असेल तर एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर हे रूपांतरसुद्धा फाइलच सांगते. पूर्वी एककाचा आकडा चुकीचा लागून भाग पंचवीसपट मोठा होऊन आलेला आम्ही पाहिला आहे. दुसऱ्या ओळीत अचूकतेची मर्यादा असते: इतक्या अंतराच्या आतले दोन बिंदू एकच समजा. ज्या अंतराने आमच्या रात्री खाल्ल्या, ते पाठवणाऱ्याने मनात न ठेवता फाइलमध्ये लिहून द्यायचं, एवढी साधी ती ओळ आहे.

आणि या सगळ्याच्या मागे एक्स्प्रेस नावाची भाषा आहे, याच स्टँडर्डचा अकरावा भाग. फाइलमध्ये काय लिहिता येईल आणि काय नाही, याचे नियम तिच्यात मांडलेले आहेत. माझा आवडता नियम 'दिशा' या गोष्टीचा. दिशेला दोन किंवा तीन आकडे असतात, आणि नियम सांगतो की ते सगळे एकाच वेळी शून्य असता कामा नयेत. शून्य लांबीला दिशा कुठली? वाचायला क्षुल्लक वाटतं. पण असा शून्य बाण एखाद्या फाइलमधून आला की घेणारं सॉफ्टवेअर तिथे भागाकार करायला जातं आणि कोसळतं. हा नियम लिहिणाऱ्याने पुढच्या हजारो माणसांचा त्रास आधीच ओळखला. अशा कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

स्टेप आली म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. मोटारवाल्यांची नियमावली एपी २१४, विमानवाल्यांची एपी २०३. कुणी एक पाठवायचं, कुणी दुसरी, आणि एकीत आलेले रंग दुसरीत यायचे नाहीत. आम्हाला रंगांचं महत्त्व होतं, कारण गिऱ्हाइक टेक्स्चरची बाजू रंगाने दाखवायचं. आणि स्टेपमधून आकार येतो, तो कसा घडवला याचा इतिहास येत नाही. 'तीनचा फिलेट' ही आज्ञा नाहीशी होते, गोल पृष्ठभाग तेवढा उरतो. इतिहास नेण्यासाठीही स्टँडर्डमध्ये भाग लिहिले गेले, पण रोजच्या कामात मला ते कुणी वापरताना दिसले नाहीत. गिऱ्हाइकांना हे सोयीचंही वाटतं. आपल्या डिझायनरने कसा विचार केला ते पुरवठादाराला कळू नये. मोल्ड करणाऱ्याला त्याने फारसं अडत नाही. आम्हाला आकार अचूक हवा, बस.

मध्यंतरी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या सभांमधून एक युक्तिवाद वारंवार ऐकायला मिळे: गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर तेच तुम्ही घ्या, मग स्टँडर्डची भानगडच नको. याला उत्तर म्हणून मी एअरबस ए३८० सांगते. २००६ मध्ये त्या विमानाचं वेळापत्रक कोसळलं. हॅम्बर्गचे इंजिनिअर कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर काम करत होते आणि तुलूजचे नव्या. एका विमानात पाचशे किलोमीटरहून जास्त तारा. हॅम्बर्गहून आलेल्या तारांचे जुडगे तुलूजला जोडायला घेतले तर लांबी पुरेना. सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं होतं, आवृत्त्या दोन होत्या. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडायला ऑक्टोबर २००७ उजाडला. कारणं आणखीही होती, पण 'सगळ्यांनी एकच घ्या' हा उपाय किती तकलादू आहे हे त्यातून दिसतं. तुम्ही एकच घेतलं तरी आवृत्त्या बदलत राहतात. आणि छोट्या कारखान्याच्या दृष्टीने बघाल तर एकच सॉफ्टवेअर म्हणजे एकाच गिऱ्हाइकाच्या दावणीला बांधून घेणं.

आलेली फाइल धड आहे का, हे तपासायची एक पद्धत मी अंगी लावून घेतली. स्टेपमध्ये पाठवणाऱ्याला भागाचं आकारमान, पृष्ठभागाचं क्षेत्रफळ आणि गुरुत्वमध्य लिहून देता येतो. घेणाऱ्याने आपल्याकडे तेच पुन्हा मोजायचं आणि ताडून बघायचं. सगळी गिऱ्हाइकं हे लिहून देत नाहीत. तेव्हा मी त्यांच्याकडून भागाचं अपेक्षित वजन मागते. समजा त्यांनी ६४ ग्रॅम सांगितलं आणि माल पॉलिप्रोपिलीन आहे. आमच्या मॉडेलचं आकारमान ७१ घन सेंटिमीटर आलं. त्याला घनतेने, म्हणजे सुमारे ०.९ ने गुणलं की साधारण ६४ येतात. जुळलं, पुढे जा. पाच-सहा ग्रॅमचा फरक आला तर कुठेतरी रिब गळली आहे किंवा बॉस भरीव झाला आहे, असं समजून शोधायला लागायचं. याला एक मिनिट लागतं, आणि आमच्या टूलरूममध्ये हे केल्याशिवाय आता कुठलंही काम पोलाद मागवण्यापर्यंत जात नाही.

आकाराचा प्रश्न असा बराचसा सुटला. मापांच्या सवलतींचा, टॉलरन्सचा, अजून सुटायचा आहे, आणि आज मला सगळ्यात जास्त कळकळ त्याची आहे.

एका गिऱ्हाइकाने मॉडेल स्टेपमध्ये पाठवलं आणि सोबत पीडीएफ ड्रॉइंग. मॉडेलमध्ये पिनचं भोक ६.० चं, ड्रॉइंगवर ६.२ चं. मॉडेल एका दुरुस्तीने मागे राहिलं होतं. ड्रॉइंगच्या तळटीपेत लिहिलं होतं, ड्रॉइंग ग्राह्य धरावं. खरेदी आदेशाच्या अटींत लिहिलं होतं, त्रिमिती मॉडेल ग्राह्य धरावं. पोलाद मॉडेलप्रमाणे कापलं गेलं, कारण मशीन मॉडेलच वाचतं. ट्रायलचे भाग त्यांच्या तपासणीत नापास झाले. पिन बदलायला वेळ लागला नाही. बिलावरचा वाद मात्र कित्येक महिने चालला. दोन्ही बाजूंची माणसं सज्जन होती, दोघांच्याही हातात आपापला कागद होता. एकाच भागाबद्दल दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिलेल्या असल्या की असंच होतं.

यावर उपाय स्टँडर्डमध्ये आहे. २०१४ मध्ये मोटारवाल्यांची आणि विमानवाल्यांची नियमावली एकत्र करून एपी २४२ आली. नंतर २०२० आणि २०२२ मध्ये तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आल्या. तिच्यात टॉलरन्स, डेटम म्हणजे मापाचे संदर्भ, पृष्ठभागाच्या सूचना मॉडेललाच जोडता येतात. पण जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि फरक मोठा आहे. एकीत टॉलरन्सची चौकट नुसती रेघांनी काढलेली असते. डोळ्यांना दिसते, कॉम्प्युटरला त्या रेघाच. दुसरीत फाइल म्हणते: हा अमुक फेस, याला स्थानाची एवढी सवलत, अमुक डेटमपासून. ती मोजणी करणाऱ्या सीएमएम मशीनचं सॉफ्टवेअर थेट वाचू शकतं. आमच्या तपासणी खोलीत आजही एक माणूस पीडीएफ समोर ठेवून आकडे हाताने टाइप करतो. तो अत्यंत काळजीपूर्वक काम करतो. पण त्याच्या काळजीवर सगळा भार का टाकायचा? निस्टने असे टॉलरन्स लावलेले नमुना भाग सगळ्यांसाठी मोफत ठेवले आहेत. ते आमच्या यंत्रणेत घालून आम्ही तपासलं: कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये अर्थ टिकतो, कुठे नुसत्या रेघा उरतात. सगळीकडे अजून टिकत नाही, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ टिकतो.

जुन्या साच्यांच्या बाबतीत तर स्टेपने आम्हाला अक्षरशः वाचवलं. गाडीचं मॉडेल बंद होतं, तरी सुटे भाग द्यावे लागतात. अशाच एका जुन्या मोल्डचा इन्सर्ट तुटला आणि नवा हवा होता. मूळ फाइल ज्या सॉफ्टवेअरची, ते विकलं जाऊन नव्या नावाने आलं होतं आणि जुनी आवृत्ती उघडत नव्हती. डिझाइन करणारा मुलगा केव्हाच दुसरीकडे गेलेला. कपाटातल्या सीडीवर त्याने शेजारी एपी २१४ ची स्टेप ठेवली होती. ती उघडली. इन्सर्ट त्याच आठवड्यात स्पार्क मशीनवर गेला. विमान उद्योगाने तर याचा रीतसर विचार केला आहे. विमान अनेक दशकं उडतं, त्याचं डिझाइन तितकाच काळ वाचता आलं पाहिजे, म्हणून स्टेपच्या आधारे दीर्घकाळ जतन करण्याचे नियम लोटार या प्रकल्पात ठरवले आहेत. आमच्या टूलरूममध्ये आता प्रत्येक पूर्ण झालेल्या जॉबसोबत स्टेप ठेवणं सक्तीचं आहे.

मशीनचा कंट्रोलर मात्र अजून जी-कोडच वाचतो: इथून तिथे जा, एवढ्या वेगाने. भागाचा अर्थ मशीनपर्यंत नेणारं स्टेप-एनसी लिहून झालं, मोठ्या कंपन्यांनी त्याची प्रात्यक्षिकंही केली, पण चाकणच्या शॉपफ्लोअरवर मी ते पाहिलेलं नाही.

आपल्या लोकांचा या कामाशी संबंध फक्त फाइल घेण्यापुरता नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. पुण्यात जगातल्या मोठ्या कॅड कंपन्यांची विकास केंद्रं आहेत, आणि एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात डेटा नेणारे ट्रान्सलेटर लिहिणारी कितीतरी मराठी मुलं-मुली तिथे आहेत. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी हिंजवडीत हेच करते. ती म्हणते, "ताई, तुमच्याकडे बिघडलेल्या फाइली असतील त्या आम्हाला मिळाल्या तर किती बरं होईल. आमच्याकडे टेस्टला सगळे गुणी भाग असतात." भोसरी आणि हिंजवडी यांच्यात तासाभराचं अंतर आहे. जिथे फाइल फाटते आणि जिथे ती फाटू नये म्हणून कोड लिहिला जातो, तिथली माणसं एकमेकांना क्वचितच भेटतात. भेटायला हवीत.

स्टँडर्डचं पुस्तक विकत घ्यावं लागतं आणि ते छोट्या कारखान्याला महाग पडतं, याची मला खंत आहे. पण फाइल वाचायला पुस्तक लागत नाही. फ्रीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर स्टेप उघडतं. निस्टचं स्टेप फाइल ॲनालायझर मोफत आहे; फाइलमध्ये काय काय आहे, टॉलरन्स अर्थासह आहेत की नाही, ते त्यात दिसतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, नाशिकच्या अंबडला, वाळूजला एका साध्या पीसीवर हे आज चालू शकतं.

तेव्हा टूलरूम चालवणाऱ्या माझ्या बंधुभगिनींना एकच विनंती. पुढची ऑर्डर घेताना कोटेशनमध्ये चार ओळी लिहा: फाइल एपी २४२ मध्ये हवी, टॉलरन्स अर्थासह मॉडेललाच जोडलेले हवेत, आकारमान आणि गुरुत्वमध्य फाइलमध्ये लिहिलेले हवेत, मॉडेल आणि ड्रॉइंगमध्ये फरक निघाला तर काय ग्राह्य धरायचं ते सहीनिशी कळवावं. काही गिऱ्हाइकं सुरुवातीला नाही म्हणतील. आमची म्हणाली होती. आता त्यातली बरीच न मागता देतात.